मैदानाच्या चाकरीतून मैदानाच्या मानाकडे : जे. एच. टेलर आणि बाळू पालवणकर यांच्या व्यावसायिक कारकिर्दींचा तौलनिक विचार

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास आपल्याकडे बहुधा विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी किती धावा काढल्या, कोणी किती बळी घेतले, कोणते पदक कोणत्या वर्षी मिळाले, यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. परंतु ज्या मैदानावर हे विक्रम झाले ते मैदान कोणी झाडले, त्यावर रोलर कोणी फिरविला, तेथील गवत कोणी कापले आणि सामना संपल्यावर त्या माणसाला पॅव्हेलियनमध्ये प्रवेश होता की नव्हता, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास मात्र याच प्रश्नांपासून आरंभ करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत, परस्परांची वार्ताही नसलेली दोन मुले परस्परांपासून हजारो मैलांवर जवळजवळ एकाच प्रकारची चाकरी करीत होती. एक इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील गोल्फच्या मैदानावर सभासदांच्या काठ्यांचे ओझे वाहत होता, तर दुसरा पुण्यातील क्रिकेटच्या मैदानावर खेळपट्टी झाडीत होता. पहिला जॉन हेन्री टेलर. तो पुढे पाच वेळा ब्रिटिश खुल्या गोल्फ स्पर्धेचा विजेता ठरला. दुसरा बाळू पालवणकर. तो आपल्या काळातील हिंदुस्थानातील सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज मानला गेला. एकाच्या वाट्याला इंग्लंडची वर्गव्यवस्था आली, तर दुसऱ्याच्या वाट्याला वसाहतीची सत्ता आणि जातिव्यवस्था ही दोन्ही आली. खेळातील कौशल्य माणसास सामाजिक प्रतिष्ठा मिळवून देते काय आणि देत असल्यास ते कोणत्या परिस्थितीत, या प्रश्नाचा शोध या दोन कारकिर्दींच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘व्यावसायिक’ या शब्दाचा तत्कालीन अर्थ

आज ‘व्यावसायिक खेळाडू’ हा शब्द गौरवाने उच्चारला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्थिती अगदी उलट होती. इंग्लंडमध्ये खेळाडूंचे दोन वर्ग होते. जो पैशासाठी खेळत नाही, ज्याची उपजीविका अन्य मार्गाने सुखेनैव चालते, तो हौशी खेळाडू होय व तोच खरा सद्‌गृहस्थ, अशी धारणा होती. जो खेळावर पोट भरतो तो व्यावसायिक, आणि म्हणून क्लबचा नोकर. क्रिकेटमध्ये या दोन वर्गांची कपडे बदलण्याची दालने वेगळी, मैदानात उतरण्याची दारे वेगळी आणि धावफलकावर नावे लिहिण्याच्या पद्धतीही वेगळ्या होत्या. हा भेद इंग्लंडच्या क्रिकेटने अधिकृतपणे रद्द केला तो १९६२ च्या अखेरीस.

गोल्फमध्ये हा भेद अधिकच ठळक होता. क्लबचा व्यावसायिक गोल्फपटू मैदानाची देखभाल करी, काठ्या व चेंडू तयार करून विकी, सभासदांना धडे देई आणि मागणी होईल तेव्हा त्यांच्यासमवेत खेळे. स्पर्धा जिंकणे हा त्याच्या कामाचा एक लहानसा भाग होता. क्लबच्या इमारतीत मात्र त्यास प्रवेश नसे. त्याची जागा बाहेरच्या दुकानवजा खोपटात असे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गोल्फ हिंदुस्थानास नवा नव्हता. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला आणि मुंबईतही १८४२ मध्ये असा क्लब निघाला. परंतु येथील क्लबांत एतद्देशीय मनुष्य शिरला तो काठ्या वाहणारा कॅडी म्हणून किंवा माळी म्हणून. क्रिकेटचे तसे झाले नाही. पारशी, हिंदू व मुसलमान समाजांनी आपापले क्लब काढले आणि त्या खेळात स्थानिक माणसास स्पर्धेचे अवकाश मिळाले. यास्तव टेलरच्या कारकिर्दीशी तुलना करण्याजोगे चरित्र महाराष्ट्रात शोधू गेल्यास ते गोल्फपेक्षा क्रिकेटमध्ये सापडते, हे स्वाभाविकच आहे.

जे. एच. टेलर : कॅडी ते अध्यक्ष

टेलरचा जन्म १९ मार्च १८७१ रोजी डेव्हनमधील नॉर्दम या खेड्यात एका श्रमिक कुटुंबात झाला. या खेड्यालगतच्या समुद्रकिनारी माळरानावर १८६४ मध्ये रॉयल नॉर्थ डेव्हन हा गोल्फ क्लब स्थापन झाला होता. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास टेलरची शाळा सुटली आणि तो तेथे कॅडीचे काम करू लागला. पुढे मोठ्या घरातील हरकाम्या, बागकाम, मैदानाची निगा अशी कामे त्याने केली.

या ठिकाणी जमिनीच्या मालकीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. नॉर्दमचे ते माळरान म्हणजे गावाची सामायिक जमीन होती; आपल्या भाषेत सांगावयाचे तर ते गायरान होते. गावकऱ्यांचा तेथे गुरे-मेंढ्या चारण्याचा परंपरागत हक्क होता. क्लबने त्यावर खेळ मांडला तरी गावाचा हक्क संपुष्टात आला नाही. १८८८ मध्ये नॉर्दमच्या कामकरी लोकांनी आपला स्वतंत्र गोल्फ क्लब काढला आणि तरुण टेलर त्यात खेळू लागला. श्रीमंतांच्या क्लबाचे दार बंद असले तरी मैदानाचे दार त्यास पूर्णतः बंद नव्हते, ही गोष्ट त्याच्या जडणघडणीत निर्णायक ठरली असे म्हणावे लागेल.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी टेलर व्यावसायिक झाला. सॉमरसेटमधील बर्नहॅम, त्यानंतर विंचेस्टर व विम्बल्डन येथे नोकरी करून तो १८९९ मध्ये लंडनजवळील मिड-सरे क्लबमध्ये रुजू झाला आणि १९४६ पर्यंत तेथेच राहिला. १८९४ मध्ये खुली स्पर्धा प्रथमच स्कॉटलंडबाहेर, इंग्लंडमधील सँडविच येथे भरली. ती टेलरने जिंकली व ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला इंग्रज व्यावसायिक ठरला. तोपर्यंत व्यावसायिक गोल्फ हा जणू स्कॉटिश कारागिरांचा वारसा होता. पुढील वर्षी त्याने सेंट अँड्र्यूज येथे, म्हणजे त्या वारशाच्या माहेरघरी, पुन्हा विजय मिळविला. १९००, १९०९ आणि १९१३ हे त्याचे उर्वरित विजय होत. त्याखेरीज सहा वेळा तो उपविजेता राहिला. हॅरी व्हार्डन, जेम्स ब्रेड आणि टेलर या त्रयीने १८९४ ते १९१४ या काळातील २१ स्पर्धांपैकी १६ जिंकल्या.

तथापि टेलरचे ऐतिहासिक महत्त्व केवळ या विजयांत नाही. शतकाच्या आरंभी काही क्लबांनी चेंडू व काठ्या विकण्याचा व्यावसायिकांचा पारंपरिक अधिकार काढून घेण्यास प्रारंभ केला. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या या वर्गाचे पोट प्रामुख्याने त्या विक्रीवर अवलंबून होते. १९०१ मध्ये व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना लंडन परिसरात उभी राहिली. टेलर तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि ब्रेड पहिला कर्णधार. या संघटनेने गरजू सभासदांना साहाय्य, नोकरीची माहिती व कराराबाबत मध्यस्थी ही कामे हाती घेतली. १९०३ पासून एका वृत्तपत्राच्या आश्रयाने केवळ व्यावसायिकांची स्पर्धाही सुरू झाली. येथे एक मूलगामी बदल झाला. क्लबच्या मर्जीवर जगणारा एकेकटा नोकर आता एका संघटित व्यवसायाचा घटक झाला.

असे असूनही दार लगेच उघडले नाही. १९२० मध्ये डील येथील खुल्या स्पर्धेत अमेरिकन व्यावसायिक वॉल्टर हेगन यास क्लबगृहात कपडे बदलण्यास मनाई झाली, तेव्हा त्याने दारासमोर भाड्याची आलिशान मोटार उभी करून तिचाच उपयोग कपडे बदलण्यासाठी केला. ट्रून येथे १९२३ मध्ये व्यावसायिकांना आठवडाभर बाहेर ठेवणाऱ्या क्लबने पारितोषिक समारंभासाठी आत बोलाविले असता त्याने ते निमंत्रण नाकारले. हेगनचा मार्ग उघड अवज्ञेचा होता. टेलरचा मार्ग संयमी संघटनेचा होता. त्याच १९२३ मध्ये लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये सर्वसामान्यांसाठी सार्वजनिक गोल्फ मैदान खुले झाले. त्याच्या आखणीत टेलरचा सहभाग होता.

१९३३ च्या रायडर चषकात न खेळणारा कर्णधार म्हणून त्याने ब्रिटनला अमेरिकेविरुद्ध साडेसहा विरुद्ध साडेपाच असा विजय मिळवून दिला. १९५० च्या सुमारास सेंट अँड्र्यूजच्या क्लबने त्यास सन्माननीय सभासदत्व दिले. ज्या रॉयल नॉर्थ डेव्हन क्लबमध्ये त्याने कॅडीचे काम केले होते, त्याच क्लबचा तो १९५७ मध्ये अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १९६३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्याच गावी त्याचे निधन झाले. क्रिकेटमधील हौशी-व्यावसायिक भेद रद्द होऊन तेव्हा जेमतेम काही आठवडे लोटले होते.

बाळू पालवणकर : रोलर ते रणांगण

बाळू पालवणकरांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून त्यांचे आडनाव आले. वडील लष्करी सेवेत होते आणि कुटुंब पुण्यास स्थायिक झाले. अस्पृश्य मानलेल्या जातींना लष्करी छावणीच्या आश्रयाने जे थोडे शिक्षण व मोकळीक मिळत असे, तिचा लाभ बाळू व त्यांचे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल यांना झाला.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे व रोलर फिरविणे हे काम आणि वेतन दरमहा तीन रुपये. त्यानंतर ते युरोपियनांच्या जिमखान्यात चार रुपयांवर लागले. जाळी बांधणे, आखणी करणे, टेनिसची मैदाने सिद्ध करणे अशी कामे करता करता साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. त्यास बाद केल्यास प्रत्येक वेळी तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. शेकडो तासांच्या या गोलंदाजीतून बाळूंची कला सिद्ध झाली. मात्र फलंदाजीचा सराव त्यांना मिळाला नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि तो टोलविणे हा साहेबाचा अधिकार, अशी ही श्रमविभागणी होती.

पुण्यातील हिंदू क्लबास युरोपियनांविरुद्ध जिंकावयाचे होते, म्हणून बाळूंना संघात घेणे भाग पडले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाती घेत. पण चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या निराळ्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास होता. पुढे साताऱ्याच्या युरोपियन संघावर त्यांच्या गोलंदाजीमुळे विजय मिळाल्यावर त्यांचा जाहीर सत्कार झाला. त्या प्रसंगी न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी सहभोजनाचा प्रश्न उपस्थित केल्याचा उल्लेख आढळतो.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईस आले. रेल्वेची नोकरी आणि हिंदू जिमखान्यासाठी खेळ असा त्यांचा क्रम सुरू झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू होते. स्वदेशीच्या चळवळीच्या त्या दिवसांत या विजयास मोठा राजकीय अर्थ प्राप्त झाला. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्य राहिली. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी मिळविले. त्यांच्या एकूण प्रथम श्रेणी कारकिर्दीत ३३ सामन्यांत १७९ बळी असून सरासरी १५.२१ इतकी आहे. पस्तिशी गाठलेल्या खेळाडूचा तो पहिला व एकमेव इंग्लंड दौरा होता, हे लक्षात घेतल्यास या आकड्यांचे मोल कळते.

एवढी सिद्धता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अधिकृतपणे कधीही मिळाले नाही. १९१० नंतरच्या दशकात ही मागणी वारंवार पुढे आली आणि दर वेळी एखाद्या ब्राह्मण किंवा अन्य उच्चवर्णीय खेळाडूची निवड झाली. १९२० मध्ये या अन्यायाच्या निषेधार्थ विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. लोकमताच्या रेट्याने अखेरच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधारपद मिळाले आणि कर्णधार पै काही काळ मैदानाबाहेर राहिल्याने त्यांनी संघाचे प्रत्यक्ष नेतृत्व केले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले. थोरल्या भावास जे नाकारले गेले ते धाकट्यास मिळाले.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणाशी निगडित राहिले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्या समाजास दोघांचाही अभिमान होता, त्याच समाजातील दोन कर्तृत्ववान पुरुष परस्परांविरुद्ध उभे राहिले, ही त्या काळाची शोकांतिका म्हणता येईल. जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले.

तुलना : दार कशाने उघडते?

दोन्ही चरित्रांचा आरंभ एकाच ठिकाणी होतो. दोघेही खेळास श्रमाच्या दाराने भेटले. दोघांचेही गुरू म्हणजे मैदानावरील दीर्घ काम. दोघांनीही मालकांच्या खेळात मालकांना हरविले. तरीही एकाचा प्रवास क्लबच्या अध्यक्षपदापर्यंत जातो आणि दुसऱ्याचा कर्णधारपदाच्या उंबरठ्यावर थांबतो. या फरकाची कारणे तीन दिसतात.

पहिले कारण जमिनीचे. नॉर्दमच्या माळावर गावाचा हक्क होता, म्हणून कॅडीच्या पोरांना सायंकाळी खेळता आले व स्वतःचा क्लब काढता आला. पुण्याच्या जिमखान्याच्या मैदानावर बाळूंचा असा कोणताही हक्क नव्हता. तेथे ते साहेबांच्या गरजेपुरते होते.

दुसरे कारण संघटनेचे. टेलर व त्याचे प्रतिस्पर्धी मैदानावर एकमेकांशी झुंजत आणि सभेत एकत्र बसत. व्यावसायिक म्हणून त्यांचे हितसंबंध समान होते व ते त्यांनी ओळखले. मुंबईच्या क्रिकेटची रचना धर्मनिहाय होती. हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन असे संघ असल्याने मैदानावर राबणाऱ्यांची एकजूट होण्यास तेथे वावच नव्हता. पालवणकर बंधूंपुढे दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे त्यांच्याच धर्माच्या जिमखान्याची समिती. आणि तीच समिती त्यांना नाकारीत होती. त्यांच्या हाती असलेले एकमेव साधन म्हणजे संघातून माघार, आणि तेच त्यांनी १९२० मध्ये वापरले. त्यामुळे त्या माघारीस खेळाडूंनी केलेला संप म्हणणे अधिक यथार्थ होईल.

तिसरे आणि सर्वांत खोल कारण जातीचे. इंग्लंडमधील वर्गाची भिंत उंच होती. परंतु कीर्ती, वय व सदाचार यांच्या बळावर एखादी व्यक्ती ती ओलांडू शके. जातीच्या भिंतीस असा अपवाद मान्य नव्हता. बाळूंच्या कौशल्याचा उपयोग समाजाने करून घेतला, त्यांच्या विजयांवर राष्ट्राभिमान पोसला. पण कौशल्य व व्यक्ती यांना त्याने वेगळे ठेवले. टेलरच्या बाबतीत क्लबने अखेरीस व्यक्तीचा स्वीकार केला.

आणखी एक भेद इतिहासलेखनाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. टेलरने १९४३ मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. बाळूंचे जीवन आपणास मुख्यतः इतरांच्या लेखनातून कळते. विठ्ठल पालवणकरांचे १९४८ मधील ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी पुस्तक आणि रामचंद्र गुहा यांचा २००२ मधील क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथ ही त्यांतील महत्त्वाची साधने होत. ज्याने मैदान झाडले त्याचा शब्द कागदावर उरणे ही देखील एक प्रकारची सत्ताच असते.

वर्तमान संदर्भ

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. दिल्लीच्या गोल्फ क्लबमध्ये कॅडीचे काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, तेव्हा ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. टेलरच्या सँडविच येथील विजयानंतर ९७ वर्षांनी आपल्या देशात तोच प्रवास पुन्हा घडला. आपल्या परिसराचे उदाहरण घ्यावयाचे तर पालघरच्या शार्दूल ठाकूर यांचे घेता येईल. पालघरहून मुंबईपर्यंत रेल्वेने सरावास जाणाऱ्या या खेळाडूने जानेवारी २०२१ मधील ब्रिस्बेन कसोटीत ६७ धावा व सात बळी अशी कामगिरी केली. जात, वर्ग आणि वंश यांची जुनी दारे त्यांच्यासमोर बाळूंसारखी उभी नव्हती. परंतु अंतराचे दार होतेच. मैदान, प्रशिक्षक व निवड समिती ही सारी शहरात, आणि खेळाडू मात्र गाडीत.

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांत औद्योगिक कामगारांची, मच्छीमारांची, शेतकऱ्यांची व आदिवासी पाड्यांवरील मुले-मुली शिकतात. धावण्यात, कबड्डीत, खो-खोत त्यांचे अंगभूत सामर्थ्य आपण वार्षिक क्रीडा महोत्सवात पाहतो, टाळ्या वाजवितो आणि ढाल कार्यालयातील कपाटात ठेवतो. त्या विद्यार्थ्यास सरावासाठी नित्य खुले मैदान आहे काय, त्याच्या हजेरीचा व परीक्षेचा प्रश्न सोडविण्यास कोणी आहे काय, निवडीत डावलले गेल्यास दाद मागण्याची व्यवस्था आहे काय, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. टेलर व बाळू यांची चरित्रे शेजारी ठेवली असता हेच तीन प्रश्न पुढे येतात : मैदानावरील हक्क, संघटना आणि न्याय्य निवड.

समारोप

गुणवत्ता स्वतःच आपला मार्ग काढते, हे वचन आपण विद्यार्थ्यांना नेहमी ऐकवितो. वरील विवेचनावरून ते अर्धसत्य असल्याचे दिसून येते. टेलर व बाळू दोघांचीही गुणवत्ता वादातीत होती. टेलरच्या गुणवत्तेस सामायिक जमीन व संघटित व्यवसाय यांचे पाठबळ लाभले. बाळूंच्या गुणवत्तेस केवळ बंधूंची साथ व उशिरा जागृत झालेले लोकमत लाभले. म्हणूनच पाच विजेतेपदांइतकेच मोल १९०१ च्या संघटनेस द्यावयास हवे आणि ११४ बळींइतकेच मोल १९२० च्या माघारीस. क्रीडेचा इतिहास शिकविताना धावफलकाबरोबरच रोलर ओढणाऱ्या हातांचीही नोंद घेतली गेली, तरच तो विषय खऱ्या अर्थाने समाजाचा इतिहास ठरेल.